इसार दिला, की इशारा?

चि. छकुलीस (सत्तरी गाठलीस तरी माझ्यापेक्षा दोन वर्षांनी धाकटीच) दादाचे भरभरून आशीर्वाद.

गुडघा कुरकुरायचा थांबला का? मेहुण्यांचा खोकला कसा आहे? आणि तुझी मुदत ठेव सुखरूप आहे ना? (सहज विचारलं.) मी ठणठणीत आहे, उजवा कान तेवढा संपावर गेलाय.

बातमी अशी, की मी गुंतवणूकदार झालो आहे. हसू नकोस. पेन्शनीत औषधं बसतात, कवितांची पुस्तकं बसत नाहीत. म्हणून एखादं जुनं घर घ्यावं, डागडुजी करून भाड्याने द्यावं, भाड्यातून कर्जाचे हप्ते फेडावेत आणि उरेल त्यात पुस्तकं, असा बेत. एजंटाने (दोन फोनवाला माणूस, एकावर बोलताना दुसऱ्याची माफी मागतो) पहिल्याच दिवशी धडा दिला : घर बघताना हळवं व्हायचं नाही, दोष शोधायचे. मी तो वहीत उतरवून घेतला. पण पहिल्याच घरात खिडकीतून उन्हाचा तिरपा पट्टा आला, मला शाळेतला माझा चौथीचा वर्ग आठवला, सगळ्यांनी एका सुरात म्हटलेल्या कविता आठवल्या, आणि किंमत फारच कमी सांगताय असं मी मालकालाच म्हणून बसलो. एजंटाने कोपराने ढोसलं ते अजून दुखतंय.

बँकेतल्या बाईंनी माझी जन्मतारीख वाचली, पुन्हा वाचली, आणि "वीस वर्षांची मुदत..." एवढंच इतक्या संथ, करुण सुरात म्हणाल्या की मंदाक्रांताच ती. (मुदत कर्जाची की माझी, हे विचारायचं राहिलं.)

मग हे घर आलं. दोन खोल्या, वर जायला लाकडी जिना. मालकीणबाई कपडे शिवतात, आता मुलीकडे राहायला निघाल्यात. मी ते अजून रस्त्यावरूनच पाहिलं होतं, तोवर एजंटाचा फोन : दुसरं गिऱ्हाईक टपलंय, पाचच्या आत इसार द्या. इसार म्हणजे सौदा पक्का करायला द्यायची आगाऊ रक्कम, हे मला ठाऊक आहे. पण उजव्या कानाने ऐकलं 'इशारा द्या'. वाटलं, चला, एजंटालाही माणुसकी सुचली. तडक गेलो आणि त्या दुसऱ्या गिऱ्हाइकासमोर बाईंना बजावलं, की मोरीची भिंत ओल धरते, मागच्या खिडकीची कडी वाऱ्याने निघते, आणि जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर डावीकडे पाय दिला की फळी उलटते. गिऱ्हाइकाने काढलेला चेक खिशात गेला आणि पाठोपाठ ते स्वतःही गेलं (उजवीकडून पाय टाकत).

बाईंनी कात्री खाली ठेवली. "आजोबा, घर घ्यायला आलात की मोडायला?"

तेवढ्यात एजंट धापा टाकत आला. "दिलात का इसार?"

"दिले की. तीन दिले."

खुलासा झाल्यावर बाई टाचण्या सांडेपर्यंत हसल्या. घराचे दोष खरे सांगणारं गिऱ्हाईक पहिलंच, म्हणाल्या, शनिवारपर्यंत थांबते. पण याआधी कधी घरात पाऊल न टाकता तिसऱ्या पायरीचं तुम्हाला कळलं कसं, असंही त्यांनी विचारलं. मी वहीतला धडा आठवला आणि चष्मा पुसायला घेतला.

तुझा,
दादा

ता. क. बँक निम्मेच पैसे देते. तुझी ठेव शुक्रवारी पूर्ण होते, असं मागच्या पत्रात तूच लिहिलं होतंस. कागदावर तुझं नाव माझ्या आधी घालू.

आणखी ता. क. बाईंना नाही सांगितलं, तुला सांगतो. चौथ्या पायरीवर पुस्तक घेऊन तू बसायचीस, खाली उभा राहून मी कविता म्हणायचो, आणि शब्द चुकला की तू कान पिळायचीस (उजवाच). भाडं वाढलं तेव्हा बाबांनी आपल्याला हलवलं, ते याच घरातून. मी हळवा मुळीच झालो नाही. चष्मा दोनदा पुसला, तो धुळीमुळे.

शेवटचा ता. क. शुक्रवारी सकाळी तुझ्या दारात हजर होतोय. याला इशारा समज, इसार तू द्यायचा आहेस.