तुमची अर्धी किल्ली

रेणापूर, सोमवार

नांदेडला जाऊनही आमच्या चहाला नावं ठेवायचा हक्क न सोडलेले खाजाभाई यांना संगप्पाचा सलाम. गुडघा काय म्हणतो? गौसियाभाभींना नमस्कार. इकडे सगळे खुशाल (मी सोडून).

आपले दोन्ही सर्व्हर चार दिवसांपासून एकमेकांशी बोलत नाहीत. जळकोटच्या वावरांतल्या आपल्या डब्या मातीची ओल सांगतात, पण एका सेलवर पाच वर्षं काढायची म्हणून बिचाऱ्या हळू आणि मोजकंच बोलतात (तुमच्यासारखं नाही). त्यांचा आवाज कधी माझ्या टॉवरला येतो, कधी तुमच्या. तुमच्या सर्व्हरने ऐकलेलं माझ्या सर्व्हरला कळवायचं, मग इकडून मोटर बंद होते. मधेच कुणी तुमचं नाव सांगून खोटं कळवू नये म्हणून ती आकड्यांची किल्ली. अर्धे आकडे तुमच्या डोक्यात, अर्धे माझ्या; फोनवर सांगायचे नाहीत; वर्षातून एकदा दोघांनी रेणापूरला बसून आपापले टाकले, की पुढचं वर्षभर चिंता नाही. ती मुदत गुरुवारी संपली आणि माझा सर्व्हर तुमच्या सर्व्हरला ओळखच देईना. सरजाबाईंची मोटर दिवसभर चालू. त्यांचा फोन आला, "संगप्पा, तुझी डबी झोपली का मेली रे? हरभऱ्यात म्हशी लोळून राहिल्या!" तेव्हापासून मोटरी हाताने बंद करत फिरतोय. एक चप्पल त्यांच्याच चिखलात आहे.

तनुजाने (रामकिशनची मुलगी, आता आपली इंजिनिअर) कायमचा उपाय काढलाय. म्हणते, काका, यापुढे सर्व्हर आपापसात किल्ली बदलून घेतील, माणसं लागायचीच नाहीत. खाजाकाकांनी फोनवर नुसतं हो म्हणायचं. त्यांच्या गुडघ्यालाही आराम. पोरीच्या कामात मला काही खोट सापडली नाही (लई शोधली). दुकान एक होतं तेव्हा आपण समोरासमोर बसून जळालेल्या मोटरींत नवी तार भरायचो. तुम्ही बोलायचे, मी ऐकायचो. यासेर तुम्हाला नांदेडला घेऊन गेला, लेकाने बापासाठी बरंच केलं. आता दुकानात मोटरचा आवाज अगदी स्वच्छ ऐकू येतो, बिघाड चटकन सापडतो. करमत नाही.

तेव्हा तनुजाला फोन करा आणि हो म्हणून टाका.

तुमचाच,
संगप्पा

ता. क. : हो म्हणू नका.

आणखी एक ता. क. : मागच्या वर्षी तुम्ही आकडे टाकताना मी नियमाप्रमाणे भिंतीकडे तोंड करून उभा होतो. पण तुम्ही एकेक आकडा पुटपुटत दाबता, खाजाभाई. तुमची अर्धी किल्ली मला वर्षभरापासून पाठ आहे. गुरुवारीच सगळं सुरू करता आलं असतं (सरजाबाईंना यातलं काही सांगू नका). दोन्ही अर्ध्या एकाच माणसाला माहीत झाल्या, तर तनुजाच्या नियमाने किल्ली बाद, आणि नवी करायला दोघांनी इथे हजर राहावं लागतं, फोनवरचं हो चालत नाही. ही कबुली मी तिला उद्या देणार आहे. तुम्ही शनिवारी निघा, जेवायला थांबतो.