बाजरीएवढे दाणे

आई, आज सेंटरवर एका बाईंचा छातीचा एक्स-रे काढला आणि डॉक्टरांनी रिपोर्टात तोच शब्द लिहिला, मिलिअरी. त्यांचा मुलगा कागद घेऊन माझ्याकडे आला. "दादा, ह्याचा मतलब काय?" मी म्हटलं, "डॉक्टर सांगतील." एवढंच. एवढं शहाणपण यायला इतकी वर्षं लागली, आणि आलं तेही तुझ्या जिवावर.

तुझाही एक्स-रे मीच काढला होता. दीड महिना खोकत होतीस आणि "सुंठ घेतली की जाईल" म्हणत होतीस. शेवटी उमेळ्याच्या घरून रिक्षात घालून तुला सेंटरवर आणली. पोलक्याची पिन काढायला लावली, हनुवटी वर करून उभी केली आणि सवयीने म्हणालो, "श्वास घ्या, रोखून धरा." तू हसलीस. "मला कवापासनं अहो-जाहो करायला लागलास रं?" त्या हसण्याने फोटो हलला, दुसरा काढावा लागला. तेव्हा आमच्याकडे अजून फिल्म पाण्यात धुवायची पद्धत होती. ओली फिल्म उजेडाला धरली तर दोन्ही फुफ्फुसांत, वरपासून खालपर्यंत, बारीक पांढरे ठिपके. मला वाटलं पाण्याचे थेंब असतील. ओल्या फिल्मला हात लावायचा नसतो हे कामाच्या पहिल्याच दिवशी शिकवतात, तरी मी रुमालाने पुसायला गेलो. फिल्मवर ओरखडा उठला, ठिपके होते तिथेच राहिले.

आता नीट सांगतो, तेव्हा सांगितलं नाही म्हणून. आजाराने आतल्या मांसात जी जागा बिघडते तिला डॉक्टर लीजन म्हणतात. असे पुष्कळ बारीक दाणे सगळीकडे पसरले की त्यांना मिलिअरी म्हणायचं. बाजरीच्या जातीतल्या एका बारक्या धान्यावरून तो शब्द आलाय. तो फक्त दाणा केवढा ते सांगतो. कशाने झाला, ते सांगत नाही. टीबीत असे दाणे दिसतात, आणि कुठला कॅन्सर रक्तातून पसरला तरी असेच दिसतात. टीबी म्हटल्यावर रडणारी माणसं मी रोज बघायचो. पण तुझ्या पुढच्या तपासण्या होईपर्यंतचे ते आठ-दहा दिवस मी देवाकडे टीबीच मागत होतो, कारण त्याला निदान गोळ्या तरी आहेत.

घरी आल्यावर तू परात पुढे घेऊन बसली आहेस, पीठ मळते आहेस. "काय निघालं फोटूत?" मला शहाणपणा सुचतो. एवढा अवघड शब्द मी आईला कसा सोपा करून सांगतो, याचंच मला कौतुक. "काही नाही गं, फुफ्फुसात बारीक दाणे दिसतात. बाजरीएवढे." तुझा हात पिठातच थांबतो. "तरीच," तू म्हणतेस, "जल्मभर त्येच पीठ नाकातोंडात गेलं." गावाहून येणारं बाजरीचं पोतं, आणि ती गिरणी. सगळ्यांचे तांदूळ झाले की शेवटी तुझी बाजरी दळायचा गिरणीवाला, आणि दुसऱ्याच्या पिठात मिसळू नये म्हणून तू अगदी जात्याला चिकटून उभी राहायचीस. हे सगळं तू जुळवून टाकलंस. मी तोंड उघडलं होतं आई, खरंच उघडलं होतं. पण दीड महिन्यात पहिल्यांदा तुझा चेहरा सैल झालेला दिसला. कारण सापडलं होतं, आणि ते घरातून बाहेर काढता येण्यासारखं होतं. म्हटलं, पुढच्या तपासण्या होऊ देत, मग सांगू.

तपासण्या झाल्या. टीबी नव्हता. मग तर ते सांगायचं मी टाळतच गेलो. तू पोतं शेजारच्या वाडीवाल्या काकूंना कोंबड्यांसाठी देऊन टाकलंस. त्या बिचाऱ्या तुझ्यासाठी रोज तांदळाची भाकरी आणायच्या. तू मुकाट्याने खायचीस आणि त्या गेल्या की म्हणायचीस, "ग्वाड हाय, पर भाकर खाल्ल्यावानी न्हाई वाटत." पुढे तीही अर्धी झाली, मग पाव झाली.

शेवटच्या आठवड्यात तुला पेजसुद्धा जाईना. एका दुपारी तू माझं मनगट धरलंस. "चतकोर बाजरीची दे रं. आता काय व्हायचं ते होऊ दे." बाजार दहा मिनिटांवर होता, काकूंनी भाकरी थापूनही दिली असती. पण दिली असती तर दोनच अर्थ निघत होते. एकतर आता आशा नाही, नाहीतर मी इतके महिने तुला फसवलं. मला दोन्ही झेपेनात. मी म्हटलं, "बरी झालीस की खा." तू "बरं" म्हणालीस, डॉक्टरांचं ऐकावं तसं. तिसऱ्या दिवशी गेलीस.

हे पत्र कुठे टाकणार? आणि टाकलं तरी तुला वाचता कुठे यायचं? गावाहून आलेली पत्रं मीच वाचून दाखवायचो, शाळेतून आल्या आल्या, दप्तरही न उतरवता. त्यात कुणाचं वाईट असलं की तेवढं गाळायचो. तू चुलीकडे बघत ऐकायचीस आणि शेवटी विचारायचीस, "एवढंच हाय?" मी म्हणायचो, एवढंच. हेही मीच वाचून दाखवलं असतं, आणि खरं सांगतो, ती चतकोर भाकरी गाळली असती.