उत्पलवर्णा वानखडे हरवली आहे

अमरावती,
बुधवार, दुपार

तीर्थस्वरूप बेबीताईस,
धाकट्या शेषरावचा सप्रेम जयभीम.

तुझे गुडघे कसे आहेत? तेल लावतेस की नुसती बाटली उशाशी ठेवतेस? अकोल्याच्या उन्हात दुपारी बाजारात जाऊ नकोस. इकडे प्रीतमची लेक अठरा दिवसांची झाली. वजन भरते आहे. सूनबाई ज्योत्स्ना सुखरूप आहे आणि मीही आहे. माझे सुखरूप असणे तू सहज घेशील म्हणून आधीच सांगतो, की परवाच्या रविवारी मी, एक निवृत्त मुख्याध्यापक, चाळीस वर्षे मंचावरून विवेकाची बाजू मांडणारा माणूस, नांदगाव खंडेश्वरला दोन पोलिसांसमोर मान खाली घालून उभा होतो.

मूळ दुखणे तुला ठाऊक आहे. वानखडे हे आडनाव आपल्या भागात किती पिकते! आमच्या एका कॉलनीत मला धरून चार शेषराव वानखडे होते. त्यातले एक दोन वर्षांपूर्वी वारले, तेव्हा पेपरातली बातमी वाचून सकाळी अकरा माणसे हार घेऊन आमच्या दारात आली. मी पोहे खात होतो. (एकाने तर मला जिवंत पाहून हार परत पिशवीत ठेवला, आणि चेहरा असा केला की जणू मीच त्याला फसवले.) संध्याकाळी शोकसभेत बोलायलाही मलाच बोलावले. ‘शेषराव वानखडे आज आपल्यात नाहीत’ हे वाक्य मी स्वतः गंभीर आवाजात उच्चारले आणि मागच्या रांगेतल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या.

त्या दिवशीच मी ठरवले होते, की या घरात पुढचे मूल येईल त्याचे नाव असे असेल, की वानखड्यांच्या महासागरातही ते एकटेच वर दिसेल. माणसाला स्वतःचे नाव असणे हा त्याच्या स्वाभिमानाचा पहिला हक्क आहे, यावर मी तासभर बोलू शकतो. (बोललोही. ज्योत्स्ना बाळाला पाजत होती, तिला उठून जाता आले नाही.) मग मी थेरींच्या, म्हणजे बुद्धकाळातल्या थोर भिक्खुणींच्या, चरित्रांत शिरलो, वह्या भरल्या आणि नाव काढले: उत्पलवर्णा. कमळाच्या रंगाची. काय नाद आहे, काय परंपरा आहे! मात्र घरात कोणाला सांगितले नाही, कारण नाव आधी तपासायचे होते.

तपासण्याची माझी पद्धत साधी होती. रविवारी नांदगाव खंडेश्वरला एका वाचनालयाच्या वर्धापनदिनाचा मी प्रमुख वक्ता होतो. मंडपात हजारभर माणसे, त्यात निम्मे वानखडे. भाषणाआधी मी माइक हातात घेतला आणि पुकारले, ‘सुजाता वानखडे जिथे असतील तिथून मंचाजवळ याव्यात.’ पाच जणी आल्या. ‘संघमित्रा वानखडे’ म्हटल्यावर तिघी आल्या. (आलेल्यांना परत कसे पाठवायचे याचा विचार मी केला नव्हता, म्हणून माझ्या स्वागताच्या गुच्छातले एकेक फूल दिले.) मग छाती भरून पुकारले, ‘उत्पलवर्णा वानखडे!’ कोणी हलले नाही. पुन्हा पुकारले. तिसऱ्यांदा पुकारताना, ताई, आनंदाने माझा गळा भरून आला.

तोच गळा मला नडला. लोकांना वाटले म्हातारा रडतो आहे, नात हरवली आहे. एक आजीबाई ओरडल्या, ‘अवं माय, पोरगी गेली वाटते!’ क्षणात मंडप उठला. स्वयंसेवक संडासाकडे धावले, चौघे विहिरीत डोकावून आले, कोणीतरी पोलिसांना फोन केला. ‘किती वर्षांची हाये, सर?’ हवालदाराने विचारले. मी खरे तेच सांगितले, ‘पंधरा दिवसांची.’ ‘अन् चालत गेली?’

मी माइकवरून सगळे कबूल करेपर्यंत आयोजकांनी माझ्या घरी फोन लावलाही होता. ज्योत्स्नाने उचलला. तुमची उत्पलवर्णा हरवली आहे, असे तिला सांगण्यात आले. तिने मांडीवरच्या लेकीकडे पाहिले आणि म्हणाली, ‘आमच्याकडं या नावाचं कोनी नाई. सापडली तर ज्याची असंन त्याले द्या.’

रात्री घरी परतताना मी, सूनबाई बाळाला घेऊन माहेरी जाईल, येत्या रविवारचे नामकरण बारगळलेच, असे धरून चाललो होतो. तिने जेवायला वाढले. मी माझा युक्तिवाद सुरू केला तशी म्हणाली, ‘बाबा, तुमच्या नावाचे चार होते ना? मंग भाषन आवरा म्हनून फोन दरवेळी आपल्याच घरी काहून येते?’

ताई, मी युक्तिवाद सोडून भाकरी मोडायला घेतली. प्रीतम पाण्याचा तांब्या तोंडाला लावून हसला. मग ज्योत्स्नाने हळूच सांगितले, की तिला पहिल्या दिवसापासून लेकीचे नाव पौर्णिमा ठेवायचे होते, पण माझ्या वह्या पाहून तिची हिंमत झाली नाही. हे ऐकून मी फार ओशाळलो. स्वाभिमानावर एवढे बोललो आणि आईला एकदा विचारले नाही. पौर्णिमा नावाच्या दोन वानखडे आमच्याच गल्लीत आहेत, हे मी जिभेवरून परत गिळले आणि होकार दिला. त्या रात्री मी महिन्याने शांत झोपलो.

रविवारी नक्की ये. थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुझा भाऊ,
शेषराव

ता. क. या पत्राच्या आधी तुला माझे एक बंद पाकीट मिळाले असेल. नांदगावची तपासणी मी निव्वळ औपचारिक समजत होतो, म्हणून शनिवारीच निमंत्रणपत्रिका छापून टाकल्या. त्यांत ‘चि. उत्पलवर्णा हिचे नामकरण’ असे सोनेरी अक्षरांत आहे. अकोल्यात चाळीस घरी गेल्या. गुडघे बरे असतील तर (मी सुरुवातीला उगाच नाही विचारले) घरोघर जाऊन तेवढे नाव बदलून ये. ज्योत्स्नाला पत्रिकांचे कळलेले नाही.

ता. क. २. आत्ताच अकोटहून आपल्या चुलत पुतण्याचा, मनोजचा फोन आला. त्यालाही गेल्या आठवड्यात मुलगी झाली. काल पत्रिका मिळाली, नाव इतके आवडले की आज सकाळी नगरपालिकेत नोंदवूनही आला: उत्पलवर्णा मनोज वानखडे. हेही ज्योत्स्नाला सांगितलेले नाही. ती हसायला लागली की बाळ जागे होते.