सहाव्या मजल्यावरची कोरी बंदूक

६ नोव्हेंबर १९६१, मिलवॉकी

दुकानातल्या पडद्यांच्या विभागातून मला उचललं आणि थेट सहाव्या मजल्यावर, बंदुकांच्या काउंटरवर नेऊन टाकलं! टटलसाहेब म्हणे, "लॉरेन, हरणांचा हंगाम आलाय, माणसं कमी पडतात." समोरच बायकांचे झिरझिरीत गाऊन. नवरे बंदुकीचा नेम धरून नेमके तिकडेच बघतात.

८ नोव्हेंबर

एक गिऱ्हाईक गुरगुरलं, "इथे कुणी पुरुष नाही का?" म्हटलं, "मीही सकाळपासून शोधतेय." दोन रायफली घेऊन गेला!

१३ नोव्हेंबर

हंगामाआधी दुकान बंदुका फुकट साफ करून देतं. नॉर्बर्टला न सांगता त्याची बंदूक नेली — नवऱ्याला तेवढंच सुख. आमचे म्हातारे कारागीर ऑस्करकाका नळीत डोळा घालून म्हणाले,

"पोरी, ही मीच विकली होती, नऊ वर्षांपूर्वी. कारखान्यातलं वंगण अजून तसंच आहे. हिच्यातून एक गोळी सुटली असेल तर मी माझी टोपी खाईन."

"अहो, पण दरवर्षी हरणाचं मांस आणतो तो!"

"मांस विकत मिळतं, पोरी."

नऊ वर्षं! दर नोव्हेंबरात पाच दिवस!

१४ नोव्हेंबर

जेवताना सहज म्हटलं, "यंदा मीही येऊ का शिकारीला?" नॉर्बर्टला ठसका. "अगं, तिथे थंडी फार असते." असेल. मग तुला ऊब कोण देतं, मेल्या? सोनेरी केसांची असणार. सडपातळही असणार, सटवी.

१७ नोव्हेंबर

दुकानात ताप आल्याची थाप मारली. बहिणीची गाडी मागून आणली. उद्या त्याच्या मागावर. शिकार मीच करणार!

१८ नोव्हेंबर

शिकारीचा लाल कोट घालून नॉर्बर्ट निघाला. जंगल उत्तरेला, हा वळला पश्चिमेला! दोन तास मी मागे. लाल विटांच्या मोठ्या इमारतीपाशी थांबला. मला वाटलं, हॉटेल. दारावर पाटी — युद्धात जखमी झालेल्या सैनिकांचं इस्पितळ.

१९ नोव्हेंबर

नॉर्बर्टचा धाकटा भाऊ रे — कोरियाच्या युद्धात मेला म्हणून ज्याच्या फोटोला सासूबाई अजून फुलं वाहतात — तो काल खिडकीशी खुर्चीत बसला होता. नॉर्बर्ट त्याला सूप भरवत होता. मला पाहून चमचा खाली ठेवला. "हा आता कुणाला ओळखत नाही. आईला हे बघवेना. तिनं शपथ घातली होती, मेलाच म्हणायचं. याला वाटतं, आम्ही दोघं जंगलातल्या खोपटात आहोत."

रेनं मला विचारलं, "हरीण दिसलं का?"

मी खुर्ची ओढली. म्हटलं, "अजून नाही, भाऊजी. हळू बोला."