एवढा पट्टा करून येतो

अहो,

पत्राची सुरुवात 'प्रिय' अशी करतात हे मला ठाऊक आहे. पण तोंडाने कधी म्हटलं नाही, मग कागदावर कशाला? अहोच बरं वाटतं.

दवाखान्यातले केसपेपर सोडले तर मी काही लिहीत नाही. आज लिहिते आहे, कारण आभाळ भरून आलंय, आपली गच्ची उघडी आहे आणि तुमच्या आई आजवर तिथे कोणाला हात लावू देत नव्हत्या. सात रस्ता चौकातून घरी येताना रिक्षातले सगळे खूश होते, आता गारवा येईल म्हणत होते. मी मात्र मान बाहेर काढून आभाळ बघत होते. हे सांगायचं तर तुम्हालाच, आणि तुम्ही नाही.

किती वर्षं तुमच्या मागे लागले होते मी! लोकांच्या जुन्या गच्च्या नीट करत तुम्ही गावभर फिरलात. यंत्रमागाचे शेड झाले, शाळा झाल्या, बंगले झाले. कुंभारीतलं आपलं घर मात्र गळत राहिलं. स्लॅबवरची डांबरी शीट उन्हाने वाळून कडेला वर वळली होती. पावसाळ्यात मी स्वयंपाकघरात पातेली मांडायची आणि तुम्ही हसून म्हणायचात, आपलं घर कुठे पळून चाललंय?

यंदा मनावर घेतलंत. जुनी शीट खरवडून काढलीत, भेगा भरल्यात. तुमच्या जोडीच्या सलीमभाईंनी फोमचं मशीन लावलं आणि फवाऱ्याची गन तुम्ही धरलीत. तो पिवळट फवारा स्लॅबवर पडला की आंबलेल्या पिठासारखा फुगायचा आणि बघता बघता टणक व्हायचा. आई जिन्यात बसून बघत होत्या. करमाळ्याकडच्या गावात त्यांचं आयुष्य मातीच्या माळवदाखाली गेलेलं. त्या म्हणाल्या, "साबनाचा फेस लावून पानी थांबतंय व्हय रे?"

तुम्ही म्हणालात, "तुझ्या माळवदापेक्षा जास्त टिकंल."

"बगू की," त्या म्हणाल्या. सलीमभाई इतके हसले की त्यांना मशीन बंद करावं लागलं.

फोम उघडा ठेवायचा नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत. त्याला ऊन सोसत नाही, तो तपकिरी पडतो, त्याची भुकटी होते, मग त्यात पाणी मुरतं. वरून पांढरं कोटिंग चढलं की मग काळजी नाही. म्हणून दुसऱ्याच दिवशी तुम्ही रोलर घेऊन वर गेलात. सलीमभाई कोटिंगचा दुसरा डबा आणायला गेले होते. मला सुट्टी होती. मी खालून जेवायला हाक मारली.

"एवढा पट्टा करून येतो."

लग्न झाल्यापासून हेच उत्तर. रोलरचा आवाज येत होता, मग थांबला. मला वाटलं, हात धुताय. मी ताट वाढलं.

ऊन लागलेल्या माणसांचे केसपेपर मी त्या आठवड्यात रोज लिहीत होते. घरी येऊन तुम्हाला सांगतही होते, दुपारी वर थांबू नका. ऐकलंत? दुसऱ्यांची घरं गार करायची म्हणून स्वतः भाजून घ्या, असं कोणी सांगितलं होतं तुम्हाला? मला राग येतो. राग आला की लगेच ताट आठवतं आणि मग काहीच येत नाही.

पुढचं तुम्हाला माहीत नाही, म्हणून सांगते.

माणूस गेला त्या जागी दिवा ठेवतात. आई हट्ट धरून बसल्या, दिवा वरच ठेवायचा, तुम्ही पडलात तिथेच. ती जागा फोमची, अजून कोटिंग न झालेली. कोटिंग होईपर्यंत फोमजवळ काडीसुद्धा ओढायची नाही, असं तुम्ही प्रत्येक कामावर बजावायचात. मी म्हटलं, निदान खाली एक फरशी ठेवू. तुमचे काका सगळ्यांसमोर म्हणाले, "पोरगं गेलंय आन तुला गच्चीची पडलीया व्हय सूनबाई?"

मी फरशी परत जिन्याखाली ठेवली.

पीठ पसरून त्यावर पणती ठेवली. वाऱ्याला आडोसा म्हणून भोवती पत्र्याचा डबा उभा केला. एका पहाटे पणती कलंडली आणि तेल फोमवर सांडून पेटलं. धुराच्या वासाने आई धावल्या, त्यांनी कळशी ओतली म्हणून घर वाचलं. विझल्यावर बायका उरल्यासुरल्या पिठात तुमच्या पुढच्या जन्माची पावलं शोधत होत्या. कोणी म्हणालं, चिमणीची दिसतात. मला फक्त खालचा खड्डा दिसत होता, ताटाएवढा, काळा, थेट स्लॅबपर्यंत गेलेला.

दिवसकार्य होईपर्यंत कामाला हात लावायचा नाही, असं ठरलं. तुमचा मान म्हणून. तुमच्या मानापायी तुमचंच काम उन्हात वाळत पडलं. तुम्ही केलेले पांढरे पट्टे एका बाजूला चकचकीत आहेत, शेवटचा अर्ध्यात तुटलाय, आणि पुढे सगळा फोम तपकिरी. त्यावर हात फिरवला की भुकटी हाताला येते.

मी कारागीर शोधले. एक जण येऊन बघून गेला. म्हणाला, सगळं खरवडून नव्याने करावं लागेल, दुसऱ्याच्या कामावर मी हात लावत नाही, उद्या गळालं तर नाव कोणाचं? दुसऱ्याने जिन्यातूनच तेच सांगितलं. सगळं खरवडायचं? तुमच्या हातचं शेवटचं काम पोत्यात भरून टाकून द्यायचं? मी बघते म्हटलं आणि दार लावून घेतलं.

सलीमभाईंना विचारलं. ते दारातच उभे राहिले. तुम्ही त्यांनाच सापडलात ना. म्हणाले, "भाभी, मशीन म्हणाल तर आत्ता आणतो. वर चढायचं तेवढं सांगू नका." एवढा धिप्पाड माणूस, पण मान वर करून त्यांना आपल्या जिन्याकडे बघवेना.

आणि आई. त्या रोज दुपारी वर जातात आणि खड्ड्याशेजारी बसतात. भर उन्हात, तुम्ही गेलात त्याच वेळेला. ओढून आणावं लागतं. पदराने त्या तिथली भुकटी झाडतात. कोणी खड्डा बुजवायचं काढलं की म्हणतात, माझं पोर तिथं निजलंय, तिथं कुणी पाय द्यायचा नाही.

गेल्या आठवड्यात अवकाळीची एक सर येऊन गेली. छोटीशीच. मी कणीक मळत होते आणि परातीत थेंब पडला. काळपट, जळकट वासाचा. बरोबर त्या खड्ड्याखाली. मी परात सरकवली, पातेलं ठेवलं. त्या आवाजाची मला इतकी सवय होती, तरी या वेळी मी पातेल्यात फडकं टाकलं.

दुसऱ्या दुपारी मी वर जाऊन आईंना सांगितलं, खड्डा बुजवला नाही तर सगळा फोम पाणी पिईल, घर गळेल.

"गळू दे की," त्या म्हणाल्या. "कुनासाटी न्हाय गळायचं?"

मी त्यांच्याशेजारी बसले. गच्ची तापलेली, डोळ्यांसमोर पांढरे पट्टे. थोड्या वेळाने बरं वाटायला लागलं. उठूच नये असं वाटलं. खरंच वाटलं. लक्ष्मीबाईंनी शेजारच्या गच्चीवरून पाहिलं आणि ओरडल्या, सासूला न्यायला गेलीस की तिच्या जोडीला बसलीस? तेव्हा मी भानावर आले. हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

आज संध्याकाळी आभाळ असं दाटून आलं तेव्हा मी पुन्हा वर गेले. जुनी प्लॅस्टिकची ताडपत्री खड्ड्यावर टाकली आणि कडेला विटा ठेवत बसले. आई बघत होत्या. तिसरी वीट ठेवली तेव्हा म्हणाल्या, "आमी दरसाली माळवदावर माती टाकायचो. सासरं गेलं त्या साली बी टाकली."

मी हातातली वीट तशीच धरली.

"पर ती म्या टाकली व्हती. परक्याचा हात न्हाय लागला."

म्हणजे एवढंच होतं का हो? बुजवायला त्यांचा विरोध नव्हताच. तुमच्या जागेवर परक्याचा हात नको होता. मी विचारलं, तुम्ही भराल का आई? त्यांनी आपले तळहात पाहिले. म्हणाल्या, "सारवल्यावानीच आसंल की."

मी सलीमभाईंना फोन केला. सांगितलं, हात आईंचा असेल. ते म्हणाले, ऊन चढायच्या आत हाताने लिंपायचा मसाला घेऊन येतो, जिन्यात उभा राहून सांगतो, जळालेलं कसं कापायचं, खड्डा कसा कोरडा करायचा, भुकटी कुठवर घासायची. "जिन्यातून हां भाभी. चढलो असं धरू नका."

लिहिता लिहिता बाहेर वारा सुटलाय. ताडपत्री फडफडतेय. आजचा पाऊस पुढे जावा, एवढंच मागते आहे. उद्या सकाळी उघडीप नसेल तर काय करायचं, मला माहीत नाही. ताडपत्री किती दिवस टिकेल, तेही नाही. काम झालंच तर गळती बघायला तुमच्यासारखं गच्चीच्या पाइपाचं तोंड बांधून पाणी अडवून ठेवीन. नळाला पाणी आलं की लक्ष्मीबाई टोमणे मारतील, आमाला प्यायला न्हाय आन ही गच्चीला पाजतीया. मारू देत. मग स्टुलावर चढून छताला तळहात लावीन, तुम्ही लावायचात तसा. ओला निघाला तर? तुम्ही असतात तर पुन्हा वर गेला असतात. मी कोणाला पाठवू?

एक मात्र कबूल करते. आई खड्डा भरतील आणि तुमचा तुटलेला पट्टा मी पुढे नेईन, नेता येईल तेवढा. पण ऊन चढलं की रोलर जिथे असेल तिथे ठेवीन. पट्टा अर्धा राहिला तरी चालेल. आईंचा हात धरून मी खाली येईन आणि आम्ही दोघी जेवू.

तुमची,
मंगल