पलंगावरच्या हाडाबद्दल विहीणबाईंना

विहीणबाईंना माझा नमस्कार. गुडघे कसे आहेत? मोतीबिंदू काढून झाला असेल तर हे पत्र स्वतः वाचा. नसेल तरी मोठ्या सुनेकडून वाचून घेऊ नका, तिच्या पोटात काही राहत नाही. इकडे सर्व ठीक आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. ठीक काहीही नाही, आणि त्याला कारण तुमचे चिरंजीव आहेत.

जावयाला नावं ठेवणारी बाई मी नव्हे. (तोंडावर तर कधीच नाही.) पण तुम्ही त्यांची आई, तुम्हाला नाही सांगायचं तर कुणाला? लग्न ठरवताना तुम्ही 'संग्रहालयात चांगल्या जागेवर आहे' एवढंच सांगितलं होतंत. दाताच्या डॉक्टरसारखी सुई घेऊन दिवसभर दगडातून हाडं कोरत बसतो, हे सोयीस्कर गाळलंत. ते असो. मध्यंतरी तिथल्या गोदामाचं छप्पर गळायला लागलं, म्हणून प्रत्येकाने थोडी हाडं घरी न्यायची ठरली. शहाणी माणसं एखादा दात, एखादं बोट नेतात. आपले जावईबापू कुठल्याशा हत्तीहून थोराड जनावराचं अख्खं मांडीचं हाड घेऊन आले आणि 'आई, आठच दिवस' म्हणत माझ्या खोलीतल्या दुसऱ्या पलंगावर निजवलं. अर्ध्या अंगाला प्लास्टर, खाली माझी उशी! पलंगाबाहेर आलेलं टोक येता-जाता माझ्या नडगीवर बसतं ते वेगळंच. मी बोलले, तर तुमची सून म्हणते, "आई, हाडाला आधार लागतो गं." मलाही लागतो, पण मी अजून दगड झाले नाही ना!

हाडाचा दगड होतो तरी कसा, असं मी जेवताना विचारून बसले. (या घरात त्यांना तसं विचारणारं कुणी नसावं. असे खुलले की सगळ्यांची ताटं गार झाली.) जनावर नदीकाठी मरतं म्हणे. कोल्ह्याकुत्र्यांनी ओढून नेण्याआधी त्याच्यावर गाळ पडला पाहिजे, नाहीतर खेळ खलास. मांस कुजून जातं, हाड राहतं. हाडात आत स्पंजासारखी बारीक भोकं असतात. गाळातून झिरपणारं पाणी त्यात शिरतं आणि पाण्यातले क्षार तिथे बसतात, आपल्या किटलीत पांढरा थर बसतो तसे. होता होता हाडाच्या जागी दगड येतो, घडण मात्र हाडाचीच राहते. पुढे कधीतरी पाणीच वरची माती धुऊन नेतं आणि हे धूड उघड्यावर येतं. म्हणजे बघा, चिखलात पडून मरण्यापलीकडे त्या जनावराने काडीचं काम केलेलं नाही, आणि त्याला पलंग! मी या घरात दोन नातवंडं वाढवली, मला नडगीवर टोक.

आणि हाड कोणतं, दगड कोणता, हे ओळखतात कसं ठाऊक आहे? चाटून! हाडाला भोकं शिल्लक असली तर जीभ चिकटते, साध्या दगडाला चिकटत नाही. माझ्यादेखत जीभ लावून दाखवली हो, जेवणाच्या टेबलावर. मी डावातून चव घेतली की त्याच माणसाचा चेहरा आंबट होतो. लहानपणी दिसेल ते तोंडात घालू नये, हे शिकवायचं राहूनच गेलं का तुमचं? मी दोष देत नाही, फक्त विचारते.

मग मी म्हटलं, चिखल आणि पाणीच ना? घरच्या घरी एक हाड दगडाचं करून यांच्या हातात ठेवावं, म्हणजे वस्तू किती स्वस्त आहे ते कळेल आणि माझा पलंग मोकळा होईल. खाटकाकडून नळीचं हाड आणलं, बादलीत चिखलात पुरलं आणि न्हाणीघरातल्या गळक्या नळाखाली ठेवून दिलं. (आमच्या पाण्याला क्षारांचा तोटा नाही.) आठवड्याभरात घरात उभं राहवेना. खालचा शिंपी नाकाला फडकं लावून वर आला. लेकीने नळवाला बोलावला, त्याने घरातला एकूण एक पाइप उघडला आणि शेवटी बादलीत हात घातला. तो काय बोलला ते मी लिहीत नाही, तुम्ही वयाने मोठ्या.

जावईबापू रागावतील, हाड उचलून नेतील, अशी मला आशा होती. कसलं काय! बादलीपाशी उकिडवे बसले आणि म्हणाले, "आई, चिखल छान निवडलात. जरा घाई झाली."

"किती थांबायचं होतं?"

"निदान दहा हजार वर्षं."

अहो, हे आधी सांगायचं असतं! कृती सांगणाऱ्याने किती वेळ ठेवायचं ते सांगू नये? वर डोळ्यांत पाणी आणून म्हणतात, "तुम्हाला इतकी आवड असेल हे वाटलं नव्हतं." झालं! आता येत्या रविवारी त्याच जनावराचा जबडा येणार, आणि तोही माझ्याच खोलीत. लेक म्हणते, "तू बाहेरच्या खोलीत झोप आई, टीव्हीपण दिसेल." या वयात मी येणाऱ्याजाणाऱ्यांच्या चपलांशेजारी निजायचं.

थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, मोठ्या सुनेला जे योग्य वाटेल ते.

तुमची विहीण

ता. क. रविवारच्या आत निघून या आणि तो पलंग धरा. सासूला बाहेर झोपवतील, पण आईला ऊठ म्हणायची त्यांची छाती नाही. लग्नात तुम्ही मानपानावरून जे बोललात ते मी विसरलेले नाही, पण चहा होईपर्यंत काढणार नाही.

ता. क. तुम्ही घोरता हे मला माहीत आहे. चालेल.

ता. क. काल त्यांनी हाडावरचा एक फुगवटा दाखवला. पाय मोडून पुन्हा सांधला होता म्हणे, म्हणजे म्हातारी त्यानंतरही बरीच वर्षं जगली. मी विचारलं, कुणाकडे? तर म्हणतात, ते हाडावरून कळत नाही.