सहाशे ओहमचा सल्ला

प्रिय अंतोन,

मी पास्कल, बी.कॉम., वय त्रेपन्न, एका औषध कंपनीत खरेदी अधिकारी आणि तुझा थोरला भाऊ. तुला माझी ओळख करून देण्याची गरज नाही, हे मला ठाऊक आहे. तरी कबुली देणाऱ्याने आरंभी आपले नाव नीट सांगावे, असे मला वाटते. हे पत्र कबुलीसाठीच आहे.

काल तुझी फिलोमिना आमच्याकडे आली होती. तुझा वॉकमन आणि तो मोठा काळा हेडफोन तिने पिशवीतून काढून टेबलावर ठेवला.

"भाऊजी, ह्यांनी वाजवलेल्या व्हायोलिनची टेप आहे आत. ऐकायला बसते, तर आवाज अगदी बारीक येतो. ह्यांना कसं बरं ऐकू यायचं? माझेच कान गेले की काय?"

तिचे कान उत्तम आहेत, अंतोन. तिथल्या तिथे तिला तसे सांगता आले असते. मी म्हणालो, "ठेवून जा, बघतो."

माझा वॉकमन मी कसा घेतला होता, आठवते? तीन महिने मुंबईतली दुकाने पालथी घातली. प्रत्येक माहितीपत्रक वाचले. हेडफोन मुद्दाम बत्तीस ओहमचा निवडला, कारण ओहमचा आकडा जितका मोठा तितका यंत्राला जोर जास्त लागतो, आणि दोन पेन्सिल सेलवर चालणाऱ्या यंत्राला तेवढाच पेलतो. रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर तो मी तुझ्या कानाला लावला. स्तुतीची अपेक्षा होती, हे नाकारत नाही. तू अर्धा मिनिटही ऐकले नाहीस!

"दादा, टेप मंद चालतेय रे. सूर उतरलाय."

"नवं यंत्र आहे ते!"

"असेल. पण सूर उतरलाय."

सगळे हसले. दुरुस्तीवाल्याने यंत्र उघडले, तर आतला रबरी पट्टा सैल. मी ते रोज ऐकत होतो आणि मला कळले नव्हते. लहानपणी चर्चच्या गायनमंडळात मास्तरांनी तुला पुढच्या रांगेत उभे केले आणि मला म्हणाले, "पास्कल, तू नुसतं तोंड हलव." माझा हेवा तेव्हापासूनचा आहे.

पुढे दुबईच्या मामेभावाने तुला वॉकमन पाठवला, पण हेडफोनशिवाय. तू सांडोरच्या घरून सायकल मारत आलास. "दादा, मला ते ओहम-बिहम कळत नाही. तू सांगशील तो घेतो." मी सहाशे ओहमचा सांगितला. तो घरातल्या मोठ्या अँप्लिफायरसाठी असतो. तुझ्या यंत्रावर जेमतेम कुजबुजणार, हे मला पक्के माहीत होते. ही चूक नव्हती. खरेदीत मी अशा चुका करत नाही.

तू तक्रार का रे केली नाहीस? आवाज पुरेना, म्हणून दुपारी पंप बंद करून तू केळीच्या बागेत जाऊन बसायचास, बटण शेवटपर्यंत फिरवून. येणाऱ्या-जाणाऱ्याला वर सांगायचास, "दादानं निवडलाय! नीट कान द्यायला लावतो माणसाला." तुला खरेच काही कळले नव्हते? सैल पट्टा अर्ध्या मिनिटात ओळखणाऱ्या तुला? की सगळे कळूनही तू गप्प राहिलास? विचारीन विचारीन म्हणता तू आठवड्याभराच्या काविळीत निघून गेलास. आता दोन्हींपैकी कोणते उत्तर मला जास्त बोचेल, हेही ठरवता येत नाही.

काल फिलोमिना गेल्यावर मी माझा हेडफोन तुझ्या वॉकमनला जोडला. तारेवर गज टेकवण्यापूर्वीचा तुझा श्वाससुद्धा ऐकू आला. मग तो सूर! तुला जाऊन दीड महिना झाला. मला रडू यायला हवे होते. आधी हेवा वाटला. रडलो त्यानंतर.

येत्या रविवारी मी माझा हेडफोन घेऊन सांडोरला जाईन. तो फिलोमिनासाठीच ठेवून येईन. पण आधी तिला सगळे सांगेन, मगच तो तिच्या कानाला लावीन. उलटा क्रम मला सोयीचा आहे, हे मी जाणतो. तुझे वाजवणे ऐकल्यावर ती कोणालाही क्षमा करील. मात्र ती क्षमा तू मिळवून दिलेली असेल. ती मला नको. तिच्या शिव्या पडल्या तर त्या तरी माझ्या स्वतःच्या असतील.

तुझा थोरला भाऊ,
पास्कल
वसई, १२ फेब्रुवारी १९८७